परिचर्येची पदवी आणि रुग्णाची भाषा

परिचर्येच्या पदवी-अभ्यासक्रमाचा विचार भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी करावा असे म्हटले, तर ते प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. हा विषय आरोग्य विद्यापीठांचा, भारतीय परिचर्या परिषदेचा, फार तर समाजशास्त्रज्ञांचा. भाषा-विभागांचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु भारतीय भाषा एकमेकींना रोज, प्रत्यक्ष आणि निकडीच्या प्रसंगी कोठे भेटतात याचा शोध घेऊ लागल्यास चर्चासत्राच्या सभागृहाआधी रुग्णालयाचा कक्षच आठवावा लागतो. तेथे केरळातून आलेली परिचारिका विदर्भातील शेतमजुराच्या उशाशी उभी असते; राजस्थानातून आलेला परिचारक अपघात विभागात तेलुगू भाषक ट्रकचालकाची विचारपूस करीत असतो; वेल्लोरच्या रुग्णालयात बंगाली कुटुंबे आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहारकडील कुटुंबे उपचारांसाठी आठवडेच्या आठवडे मुक्काम करून असतात. या भेटीत अर्थाचा घोटाळा झाला, तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात मला एकच मुद्दा मांडावयाचा आहे. परिचर्येची पदवी ज्या भाषेत मिळते त्या भाषेत परिचर्या होत नाही. आणि या दोन भाषांमधील अंतर पार करण्याचे शिक्षण ना परिचर्या महाविद्यालये देतात, ना आपले भाषा-विभाग. रुग्णाची भाषा हा पदवीचा रीतसर शिकविला जाणारा आणि रीतसर तपासला जाणारा विषय झाला पाहिजे, आणि तो शिकविण्याची जबाबदारी भाषा-विभागांनी आपण होऊन पत्करली पाहिजे, असे माझे मत आहे.

या पदवीचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. तोवर परिचारिका घडत असे ती मुख्यतः रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत, उमेदवारीच्या पद्धतीने. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने या प्रशिक्षणाची वाट भारतीय स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, मोकळी करून दिली, हे सुविदित आहे. विद्यापीठीय पदवी मात्र १९४६ सालची. त्या वर्षी दिल्ली विद्यापीठाच्या आणि वेल्लोर येथे मद्रास विद्यापीठाच्या कक्षेत हा अभ्यासक्रम प्रथम सुरू झाला. दिल्लीचे ते महाविद्यालय पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४७ च्या कायद्याने परिचर्या परिषदेची तरतूद झाली आणि देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राखण्याचे काम तिच्याकडे आले.

पदवीमुळे परिचारिकेचे स्थान उंचावले, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. हुकूम पाळणाऱ्या हाताऐवजी निरीक्षण करणारी, निष्कर्ष काढणारी आणि त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती हे परिचारिकेचे नवे रूप पदवीनेच शक्य केले. परंतु विद्यापीठात प्रवेश करताना परिचर्येने विद्यापीठाची भाषाही स्वीकारली, आणि ती इंग्रजी होती. मातृभाषेतून स्त्रीशिक्षण हे ज्या विद्यापीठाचे १९१६ पासूनचे ध्येय, त्या महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठातही १९६४ मध्ये परिचर्या महाविद्यालय निघाले, तेव्हा या पदवीची भाषा अन्यत्राप्रमाणे इंग्रजीच राहिली.

आज ही पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेले विद्यार्थी तिच्याकडे वळतात. त्यांत मुलांची संख्याही आता दखल घेण्याजोगी आहे. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र व परिचर्येची मूलतत्त्वे यांच्याबरोबर संज्ञापनात्मक इंग्रजी हा विषय असतो. २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात त्याला दोन श्रेयांक आणि चाळीस तास दिलेले आहेत. त्याआधीच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी इंग्रजीखेरीज हिंदी अथवा प्रादेशिक भाषेसाठी तीस तास राखून ठेवलेले होते. ते तास कसे घालविले जात, याबद्दल फारसे उत्साहाने बोलता येणार नाही. तरीही रुग्णाची भाषा ही शिकावयाची गोष्ट आहे एवढी कबुली तरी त्या तरतुदीत होती. नव्या रचनेतील अनिवार्य विषयांत ती कबुलीही उरलेली नाही.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, या जुन्या वादात मला या ठिकाणी शिरावयाचे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्या प्रयोगाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावे. परिचर्येपुरते बोलावयाचे तर औषधांची नावे, मात्रा, नोंदी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या बदल्या, परदेशातील नोकऱ्या यांमुळे इंग्रजीची गरज खरी आहे, आणि गरीब घरातील मुलीला तिच्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण माध्यम म्हणून इंग्रजी असणे आणि विषय म्हणून रुग्णाची भाषा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी अपरिहार्य ठरते असे आपण गृहीत धरून चाललो आहोत, आणि या गृहीतकाला काहीही आधार नाही.

आपल्या परंपरेत या व्यवसायासाठी जो शब्द रूढ आहे तोच या बाबतीत मोठा बोलका आहे. शुश्रूषा हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, मलयाळम अशा अनेक भाषांत तो सेवेच्या अर्थाने आला. मलयाळमात तर रुग्णसेवा आणि चर्चमधील उपासना या दोहोंसाठी तो चालतो. अर्थात या व्युत्पत्तीने भारावून जाण्याचे कारण नाही. मुळात हे ऐकणे शिष्याने गुरूचे ऐकणे होते, म्हणजे आज्ञा झेलणे होते. त्यातूनच सेवा हा अर्थ निघाला. परिचर्येच्या व्यवसायानेही दीर्घकाळ शुश्रूषेचा हाच अर्थ जपला: ऐकावयाचे ते डॉक्टरांचे, अधिसेविकेचे, परिसेविकेचे. पदवीचे शिक्षण काही बदल घडवू पाहत असेल तर तो याच ठिकाणी घडला पाहिजे. ज्याचे ऐकावयाचे तो वरिष्ठ नसून खाटेवरचा माणूस आहे, हे जेव्हा मान्य होते तेव्हा शुश्रूषा हा शब्द आज्ञाधारकपणातून सुटतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे आजचा परिचारक. या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण तेथे दिलेले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मृती, सांगितलेले करणे आणि निर्भयता यांच्याबरोबर ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण आहे. म्हणजे आपल्या व्याधीविषयी सांगता येणे. चिकित्सेच्या यशाचा एक आधार रोग्याच्या बोलण्यावर उभा आहे, असा याचा अर्थ होतो. आता, बोलता येणे हा जर रोग्याचा गुण असेल, तर ते बोलणे समजणे हा उपस्थात्याचा गुण मानावाच लागेल. ज्ञापकत्व हे एकट्याचे असूच शकत नाही.

रुग्णालयात हे बोलणे सर्वांत अधिक कोणाच्या कानी पडते? डॉक्टर फेरीपुरते येतात. परिचारिका तिन्ही पाळ्यांत कक्षात असते. रात्री दोन वाजता रुग्ण जे बोलतो ते तीच ऐकते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात रुग्णनिरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. रात्र बरी गेली का, असा मोघम प्रश्न निरुपयोगी असून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी, हे विचारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या निरीक्षणाचा अर्धा भाग अशा रीतीने भाषेचा आहे. पण त्यांची परिचारिका आणि त्यांचा रुग्ण एकच भाषा बोलणारे आहेत, हे त्यांना सांगावेही लागले नाही. आपण ते पुस्तक वंद्य मानले. मात्र त्यामागील ही अनुच्चारित अट आपल्या कक्षांत पुरी होते की नाही, हे पाहिले नाही.

आजची विद्यार्थिनी परिचर्या-प्रक्रियेच्या पाच पायऱ्या शिकते: मूल्यांकन, निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि फलनिश्चिती. पहिल्या पायरीवर दोन प्रकारची माहिती गोळा करावयाची असते. ताप, नाडी, रक्तदाब ही वस्तुनिष्ठ माहिती. आणि रुग्ण स्वतः जे सांगतो ती व्यक्तिनिष्ठ माहिती. ही दुसरी माहिती शक्य तो रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावी असे तिला शिकविले जाते. नोंदवही मात्र इंग्रजी असते. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला दररोज, घाईत आणि कोणत्याही शिक्षणाविना भाषांतर करावे लागते. आपल्या विभागांत भाषांतरमीमांसेवर प्रबंध लिहिले जातात. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावरील महाविद्यालयात भाषांतराचे हे काम चालू असते आणि त्याला भाषांतर म्हणण्याचे कोणाला सुचत नाही.

या भाषांतरात काय गळून पडते याची थोडी उदाहरणे मराठीतून देतो. मराठीत नुसते दुखत नाही. ठणका लागतो, कळ येते, चमक मारते, सल राहतो, जखम ठसठसते, पोटात मुरडा येतो, पायात गोळा येतो, पाठीत उसण भरते, हातापायांना मुंग्या येतात. यांतील प्रत्येक शब्द वेदनेचे स्थान, तिची लय आणि तिचा काळ यांविषयी काही सांगतो. ठसठसण्याला नाडीची लय आहे. चमक येऊन जाते. सल मागे राहतो. तापाच्याही पायऱ्या आहेत: अंगात कसर असणे वेगळे, कणकण वेगळी आणि हुडहुडी भरून येणे वेगळे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ च्या आजारपणावरील निबंधात अशी खंत व्यक्त केली की, इंग्रजीसारख्या समृद्ध भाषेलाही डोकेदुखी आणि थंडीची शिरशिरी यांसाठी शब्द सापडत नाहीत. मराठी भाषकाला ही खंत सहसा करावी लागणार नाही. आपल्याकडे शब्द आहेत. ते नोंदवहीपर्यंत पोहोचत नाहीत.

काही शब्द नुसते समृद्ध नसून फसवेही असतात. ‘पित्त झाले’ म्हणणाऱ्या रुग्णाला आंबट ढेकर, मळमळ आणि डोकेदुखी अभिप्रेत असते. ‘पित्त उठले’ म्हणणाऱ्याच्या अंगावर गांध्या आलेल्या असतात. हिंदीवर विसंबणाऱ्या परिचारिकेला ‘जुलाब’ हा शब्द ओळखीचा वाटेल. परंतु हिंदीत तो प्रामुख्याने रेचकाचा वाचक आहे, मराठीत रुग्ण ‘जुलाब होताहेत’ म्हणतो तेव्हा तो अतिसाराची तक्रार करीत असतो. एखादी स्त्री ‘अंगावर जाते’ एवढेच सांगते. त्यातील संकोच आणि व्याधी दोन्ही ज्याला कळतात तोच पुढचा प्रश्न विचारू शकतो. आणि ‘इतके दिवस अंगावर काढले’ या वाक्यात केवळ कालावधी नाही. कामाची सुट्टी, घरातील आजारी माणसांचा क्रम, पैशाची चणचण आणि बाईने कण्हावयाचे नसते हा संस्कार, एवढे सारे त्या चार शब्दांत आहे. इंग्रजी नोंदीत त्याचे ‘पंधरा दिवसांपासून’ एवढेच उरते.

या विषयाकडे शास्त्राचे दुर्लक्ष झाले आहे असेही नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅकगिल वेदना-प्रश्नावली जगभर वापरली जाते. वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत लावून ती सिद्ध केलेली आहे. वेदना मोजण्याच्या या साधनाचा पाया म्हणजे शब्दांच्या अर्थच्छटांचा अभ्यास, हे पाहिल्यावर भाषेच्या अभ्यासकाला संकोच वाटण्याचे कारण राहत नाही. परंतु ती शब्दांची वर्गवारी इंग्रजीची आहे. तिचे शब्दशः भाषांतर करून भागणार नाही. प्रत्येक भारतीय भाषेने वेदनेची विभागणी आपल्या पद्धतीने केलेली आहे. ही विभागणी शोधून काढणे हे काम भाषा-विभागाचे नसेल तर कोणाचे आहे?

परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण याहून अधिक आहे, आणि तिला ते धैर्याने तोंड देतात. महाराष्ट्रातील एका परिचर्या महाविद्यालयात भाषाविषयक व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला असता तेथील एका मलयाळी विद्यार्थिनीची वही मला पाहावयास मिळाली. तिने प्रत्येक पानाचे तीन रकाने केले होते. पहिल्यात मलयाळम लिपीत लिहिलेले मराठी शब्द, दुसऱ्यात त्यांचे मलयाळम अर्थ आणि तिसऱ्यात नोंदवहीत लिहावयाचा इंग्रजी प्रतिशब्द. कूस बदला, उताणे झोपा, लघवीला झाली का, दम लागतो का, घास उतरतो का, अशी वाक्ये तीत ओळीने होती. ‘हुशारी’ या शब्दापुढे प्रथम बुद्धिमत्ता या अर्थाचा शब्द लिहून तो खोडलेला होता आणि शेजारी बरे वाटणे असा अर्थ दिलेला होता. कोणी तरी रुग्णाने ‘आज जरा हुशारी वाटतेय’ म्हटले असणार. ओकारी या शब्दापुढे तिने मलयाळमातील रोजचा शब्द लिहिला होता: छर्दी. मराठीत हा शब्द आयुर्वेदाच्या ग्रंथांबाहेर सहसा आढळत नाही. तिच्या घरी तो लहान मुलाच्याही तोंडी असतो. तौलनिक भाषाभ्यासाचे जे काम संशोधकाने सावकाश करावयाचे, ते ही मुलगी बारा तासांच्या दिवसातून वेळ काढून करीत होती. त्या वहीला अंतर्गत गुण नव्हते.

भाषेचा हा प्रश्न दडपला की तो कोणत्या रूपाने वर येतो याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. जून २०२१ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या शासकीय रुग्णालयात परिचारिकांनी कामाच्या वेळी मलयाळम बोलू नये, केवळ हिंदी किंवा इंग्रजी बोलावी, अन्यथा कारवाई होईल, असे परिपत्रक निघाले. बहुसंख्य रुग्णांना व सहकाऱ्यांना ती भाषा येत नाही आणि त्यामुळे ते असहाय होतात, असे कारण त्यात होते. देशभर टीका झाली आणि परिपत्रक तत्काळ मागे घेण्यात आले. टीका योग्यच होती. दोन परिचारिकांनी आपापसांत कोणत्या भाषेत बोलावे हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही, आणि करोनाच्या साथीत ज्यांनी रात्रंदिवस काम केले त्यांच्या बाबतीत तर ते कृतघ्नपणाचे होते. तथापि परिपत्रकाचा निषेध करून आपण थांबलो, हे मला अपुरे वाटते. न समजणाऱ्या भाषेने वेढलेला रुग्ण असहाय होतो, हे विधान खोटे नव्हते. त्यावरील उपाय परिचारिकेची भाषा बंद करणे हा नसून रुग्णाची भाषा तिला शिकविणे हा आहे. आणि जी गोष्ट कोणी शिकविलीच नाही तिच्या अभावाबद्दल शिक्षा करता येत नाही.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरेल. भारतातील पदवीधर परिचारिकेला जर्मनीत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करावयाचे असेल, तर तिला साधारणतः बी-२ पातळीपर्यंत जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. केरळात आणि आता अन्य राज्यांतही त्यासाठी वर्ग चालतात. मुली महिनोन्महिने विभक्ती आणि क्रियापदे घोकतात. जर्मन रुग्णाला त्याच्या भाषेत ऐकले जाण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व आहे, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. हाच हक्क नागपूरच्या, वारंगळच्या किंवा कटकच्या रुग्णाला असावा असे आपल्या पदवीला वाटत नाही. काही राज्यांच्या शासकीय सेवेत स्थानिक भाषेच्या ज्ञानाची अट असते, हे खरे. परंतु अट म्हणजे शिक्षण नव्हे. शिवाय बहुसंख्य खाजगी रुग्णालयांत ती अटही नसते.

हे सारे विवेचन मराठीच्या अभिमानापोटी केलेले आहे, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रातच मराठी ही कक्षातील जुलमाची भाषा ठरू शकते. मेळघाटातील कोरकू ही आर्यभाषा कुळातील नाही, द्राविडीही नाही. ती मुंडा गटातील आहे. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारात भिली आणि पावरी या बोलल्या जातात. तेथील उपजिल्हा रुग्णालयात पुण्या-नाशिकहून गेलेली मराठी परिचारिका ही, दिल्लीत मलयाळी परिचारिका जेवढी परकी असेल, तेवढीच परकी असते. किंबहुना अधिक, कारण दिल्लीत ती भाषा शिकण्याची गरज निदान जाणवते, येथे रुग्णानेच मराठी शिकावे अशी अपेक्षा असते. म्हणून या विषयाचे नाव प्रादेशिक भाषा असे न ठेवता रुग्णाची भाषा असे ठेवावे. प्रादेशिक भाषा राज्य ठरविते. रुग्णाची भाषा समोरची खाट ठरविते.

या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला असा की, अभ्यासक्रम आधीच जड आहे. तो जड आहे, यात शंका नाही. परंतु संज्ञापनाच्या नावाखाली इंग्रजीला चाळीस तास मिळू शकतात, तर तेवढेच तास ज्याच्याशी संज्ञापन करावयाचे त्याच्या भाषेला का मिळू नयेत, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरा आक्षेप असा की, भाषा कामातून आपोआप येते. येते, पण ती रुग्णांना किंमत द्यावयास लावून येते. आणि इंजेक्शन देणे हेही कामातून आले असते, तरी आपण ते आधी प्रयोगशाळेत पुतळ्यावर शिकवितो. तिसरा आक्षेप दुभाषी नेमण्याचा. दुभाष्याची सोय अवश्य असावी. परंतु तो मध्यरात्री अंथरूण बदलताना हजर नसतो. आज बहुतेक ठिकाणी दुभाषाचे काम कक्षसेविका, सफाई कामगार किंवा रुग्णाचे शाळकरी मूल करते. आईच्या अंगावर जाण्याविषयीचा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाकरवी विचारला जाऊ नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे. चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे: पदवी अखिल भारतीय, नोकरी कोठेही, मग भाषा कोणती शिकवावी? याचे उत्तर असे की, महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात जी भाषा ऐकू येते ती शिकवावी. एक भाषा कानाने आणि पद्धतीने शिकण्याची सवय लागलेली विद्यार्थिनी दुसऱ्या प्रांतात दुसरी भाषा अधिक लवकर शिकेल. शिकावयाची ती एखादी भाषा कमी आणि अपरिचित भाषेत रुग्णाचे ऐकण्याची रीत अधिक.

आता आपल्याकडून काय व्हावे, ते सांगतो. पहिले म्हणजे प्रत्येक भाषा-विभागाने जवळच्या परिचर्या महाविद्यालयाबरोबर चाळीस तासांचा एक पाठ्यक्रम आखावा. तो भाषेच्या शिक्षकाने आणि परिचर्येच्या शिक्षिकेने मिळून शिकवावा, निदान अर्धा कक्षात शिकवावा, आणि त्याची परीक्षा तोंडी असावी. दुसरे, शरीर, वेदना, विसर्जन, पाळी, बाळंतपण, झोप, भीती यांविषयीच्या शब्दांचे जिल्हावार कोश तयार करावेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. बोलीतील शब्द त्यात इतक्या आस्थेने टिपले आहेत की आजही वेदनेच्या शब्दांसाठी आपल्याला त्याच्याकडे जावे लागते. तेवढा कान पुन्हा कक्षाकडे लावण्याची वेळ आली आहे. मलयाळी मुलीच्या त्या वहीसारख्या वह्या देशभरच्या वसतिगृहांत असतील. त्या गोळा केल्या, तरी कोशाचे निम्मे काम होईल.

तिसरी सूचना साहित्याविषयीची आहे, आणि ती मी जपून करतो. साहित्य वाचले म्हणजे मनुष्य दयाळू होतो, अशी माझी श्रद्धा नाही. परंतु आजारी माणसाचे बोलणे आणि त्याचे न बोलणे यांचे सूक्ष्म निरीक्षण जेथे झाले आहे अशा कृती अभ्यासक्रमात असाव्यात. टॉलस्टॉय यांच्या इव्हान इलिचविषयीच्या १८८६ च्या कथेत नामांकित डॉक्टरांना जे उमगत नाही ते गेरासिम या साध्या सेवकाला उमगते. तो रुग्णाशी खोटे बोलत नाही आणि त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसून राहतो. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘आरोग्य निकेतन’ या कादंबरीत नाडी पाहणारा वृद्ध वैद्य आणि नवे वैद्यक यांचा संघर्ष आहे; कोणत्या पद्धतीची सरशी होते याहून रुग्णापाशी बसणे म्हणजे काय, हा तिच्यातील प्रश्न परिचर्येच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे. अशा दोन-तीन कृती मातृभाषेतील भाषांतरातून वाचावयास दिल्या, तरी पुष्कळ झाले.

यातून लाभ केवळ परिचर्येचा होईल असे नाही. भारतीय भाषांचे विभाग आज विद्यार्थिसंख्येच्या आणि प्रयोजनाच्या चिंतेत आहेत. आपल्या ज्ञानाची समाजाला गरज काय, असा प्रश्न विचारला गेला की आपण संस्कृती, वारसा, अस्मिता असे मोठे शब्द वापरतो. त्याऐवजी रुग्णालयातील एका खाटेकडे बोट दाखवून, येथे आमची गरज आहे, असे म्हणता आले, तर ते उत्तर अधिक प्रामाणिक ठरेल.

शेवटी त्या विद्यार्थिनीविषयी दोन शब्द. ती खेड्यातील मराठी शाळेतून, किंवा तमिळ, ओडिया, कोरकू बोलणाऱ्या घरातून आलेली असते. पहिल्या सत्रापासून तिला सांगितले जाते की तिचे इंग्रजी कच्चे आहे. आणि ते असतेही. मात्र कक्षातील म्हातारीला कसर आहे की कणकण, तिने दुखणे किती दिवस आणि कशापायी अंगावर काढले, हे वर्गातील इतर कोणापेक्षाही तिला आधी कळते. परिचर्येच्या पहिल्या पायरीवर ज्या पात्रतेची गरज असते ती तिच्यापाशी घरूनच आलेली आहे. आजची पदवी त्या पात्रतेला गुण देत नाही. चार वर्षांत ती विसरली जाईल, अशीच व्यवस्था करते. हे बदलावयाचे असेल तर परिषदेच्या पुढील सुधारणेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. भाषा-विभागाने येत्या शैक्षणिक वर्षी शेजारच्या एका परिचर्या महाविद्यालयात आठवड्यातून दोन तास मागून घ्यावेत. सुरुवात तेवढ्यानेही होईल.